‘नोंद सापडली नाही’ म्हणजे नोंद नाही, असे नव्हे

मा. संपादक,
स. न.

2025 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या ‘सेव्हिस’ या सरकारी विद्यार्थी-नोंदवहीतल्या नोंदी एकाएकी बंद करण्यात आल्या. लोक न्यायालयात गेले आणि महिनाअखेरीस त्या पुन्हा सुरू झाल्या. यातल्या कित्येकांच्या नावावर वाहतुकीचे एखादे किरकोळ प्रकरण होते, काहींचा खटला तर केव्हाच निकाली निघून बंद झाला होता. तेव्हापासून मराठी घरांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो: दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाली असेल, तर तिची नोंद बघायची कुठे? मुलगा एखाद्या आडगावच्या विद्यापीठात असेल तर प्रश्न अधिकच अवघड होतो. उत्तर म्हणून जे सल्ले फिरतात, ते बहुतेक चुकीचे असतात. नाव गूगलवर टाका, पैसे भरून एखाद्या ‘रेकॉर्ड शोधा’ संकेतस्थळावर बघा, काही निघाले नाही तर निश्चिंत राहा, असे सांगितले जाते. म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे, पण अर्धवट सांगण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे ‘ई-कोर्ट्स’वर सीएनआर क्रमांक टाकला की कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयातली तारीख कळते. अमेरिकेत असे एक दार नाही. तिथे ‘पेसर’ नावाची देशव्यापी यंत्रणा आहे खरी, पण ती फक्त केंद्रीय न्यायालयांची. दारूच्या केस राज्याच्या कायद्याखाली चालतात, राज्ये 50 आणि काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) तीन हजारांवर. पेसरमध्ये नाव टाकून ‘काही नाही’ असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ एवढाच की आपण भलत्याच दप्तरात शोधले. मोठा अपवाद: घटना राष्ट्रीय उद्यानात घडली असेल तर मामला बहुधा केंद्रीय दंडाधिकाऱ्याकडे जातो. यलोस्टोनचा थोडा भाग माँटाना आणि आयडाहोत येतो, तरी सगळे उद्यान वायोमिंगच्या केंद्रीय जिल्ह्याच्या अखत्यारीत आहे आणि तिथले न्यायालय उद्यानातच, मॅमथ हॉट स्प्रिंग्जला भरते. अशी चलने आधी ‘सेंट्रल व्हायोलेशन्स ब्युरो’ या केंद्रीय कचेरीकडे जातात, त्यामुळे लगतच्या काउंटीच्या क्लार्कला (न्यायालयाचे दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) त्यांची गंधवार्ताही नसते.

पहिली गोष्ट ठरवायची ती काउंटी. मुलगा राहतो ती नव्हे, विद्यापीठ आहे ती नव्हे, गाडी थांबवली ती. हायवेवर अर्ध्या तासात तीन काउंट्या ओलांडल्या जातात. अंदाज बांधण्यापेक्षा हातातले कागद बघावेत. सुटून आलेल्या माणसाजवळ साधारण चार कागद असतात: पोलिसाने फाडलेले सायटेशन म्हणजे चलन, जामिनाचा कागद, लायसन्स जप्त झाले असल्यास त्याऐवजी दिलेला तात्पुरता परवाना, आणि गाडी उचलून नेली त्याची पावती. यात जामिनाचा कागद सर्वांत मोलाचा. कोणत्या न्यायालयात, कोणत्या तारखेला हजर व्हायचे हे त्यावर लिहिलेले असते. सायटेशनचा क्रमांक आणि खटल्याचा क्रमांक एकच नव्हे. सायटेशनचा क्रमांक खटल्याच्या रकान्यात घालून रात्रभर डोके आपटण्यात हशील नाही. तात्पुरता परवाना मात्र आधी वाचावा, कारण लायसन्सच्या निलंबनाला हरकत घेण्याची मुदत त्याच कागदावर असते. टेक्सासात ती नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस, कॅलिफोर्नियात 10 दिवस. न्यायालयातला खटला आणि लायसन्सची कारवाई हे दोन वेगळे रस्ते आहेत, त्यांची दप्तरेही वेगळी. खटला सुटला तरी लायसन्सचे निलंबन कायम राहू शकते.

दुसरा गोंधळ गुन्ह्याच्या नावाचा. दारू पिऊन गाडी चालवण्याला सगळे ‘डीयूआय’ म्हणतात, पण टेक्सास, न्यूयॉर्क, मिसुरीत तो ‘डीडब्ल्यूआय’ आहे, आयोवा, विस्कॉन्सिन, इंडियानात ‘ओडब्ल्यूआय’, ओहायोत ‘ओव्हीआय’, मेन आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ‘ओयूआय’. गुन्ह्याच्या नावाने शोध घेणाऱ्या पोर्टलवर चुकीचे अक्षर टाकले की रिकामे पान येते. रक्तातल्या मद्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी 0.08 टक्के आहे, युटात 2018 च्या अखेरीपासून 0.05. एकवीस वर्षांखालच्यांना 0.02 किंवा त्याहूनही कमी. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुले नेमकी याच कलमात सापडतात, आणि काही राज्यांत त्याचे नाव व कलम पुन्हा निराळे.

तिसरी आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे न्यायालय कोणते. शहरी काउंटीत हे सोपे असते, ग्रामीण काउंटीत नाही. जॉर्जियात ज्या काउंटीला ‘स्टेट कोर्ट’ नाही, तिथे साधी डीयूआय केस ‘प्रोबेट कोर्टा’त चालते. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्रे आणि वारसा, म्हणून तिकडे कोणी फिरकतच नाही, आणि कागद नेमके तिथेच पडलेले असतात. न्यूयॉर्कच्या खेड्यांत पहिलटकराची केस ‘टाउन कोर्टा’त जाते. त्याचा न्यायाधीश वकील असलाच पाहिजे असा नियम नाही, कचेरी आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी उघडते, आणि दप्तर त्या टाउन कोर्टाच्याच क्लार्ककडे असते. गुन्हा ‘फेलनी’ म्हणजे गंभीर ठरला तरच केस वर काउंटी कोर्टात चढते. ओहायोत छोट्या गावांना ‘मेयर्स कोर्ट’ही असते. विस्कॉन्सिनची गंमत वेगळीच: तिथे पहिल्या वेळची ओडब्ल्यूआय हा फौजदारी गुन्हाच नाही, दंडाचा दिवाणी मामला आहे, आणि तो गावाच्या म्युनिसिपल कोर्टात गेला तर राज्याच्या सुरेख, फुकट पोर्टलवर अजिबात दिसत नाही. न्यू जर्सीतही हा वाहतुकीचाच गुन्हा धरतात, खटला म्युनिसिपल कोर्टात.

टेक्सासात क्लार्क दोन. पहिल्या वेळची केस ‘क्लास बी मिसडिमीनर’ म्हणजे कमी गंभीर गुन्हा, तिचे कागद काउंटी क्लार्ककडे. तिसऱ्या वेळची फेलनी, ती डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे. अगदी छोट्या काउंट्यांत दोन्ही खुर्च्या एकाच माणसाकडे असतात. लव्हिंग काउंटीत 2020 च्या जनगणनेत फक्त 64 माणसे मोजली गेली, तिथे दोन क्लार्क बसवून करणार काय? पेनसिल्व्हेनियात एकाच घटनेचे दोन रोजनामे निघतात. केस आधी मॅजिस्टीरियल डिस्ट्रिक्ट जजकडे उभी राहते, तिथला क्रमांक ‘एमजे’ अक्षरांनी सुरू होतो. नंतर ती कॉमन प्लीज न्यायालयात जाते, तिथला क्रमांक ‘सीपी’ने. एमजेचा रोजनामा ‘न्यायालयाकडे वर्ग’ एवढ्यावर संपतो. तो वाचून केस मिटली असे समजणारे पुष्कळ आहेत.

राज्यव्यापी फुकट पोर्टल असलेली राज्ये नशीबवान. मिसुरी, आयोवा, इंडियाना, मिनेसोटा, पेनसिल्व्हेनिया आणि वर सांगितलेल्या मर्यादेत विस्कॉन्सिन, ही त्यातली. ओक्लाहोमात 77 काउंट्या दोन निरनिराळ्या व्यवस्थांत विभागलेल्या आहेत, एकीकडे नाही मिळाले तर दुसरीकडे बघायचेच. कॅलिफोर्नियात फौजदारी खटल्यातले कागद जनतेला घरबसल्या दाखवायला नियमानेच मनाई आहे. कागद बघायचा तर न्यायालयात जाऊन तिथल्या संगणकावर. शिवाय 2021 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने जन्मतारीख किंवा लायसन्स क्रमांक टाकून लोकांना शोध घेऊ देऊ नये असा निकाल दिला, त्यामुळे एकाच नावाच्या दोन माणसांत फरक करणे जास्तच कठीण झाले. आणि यंत्रणा बंदही पडते. ऑक्टोबर 2023 मध्ये कॅन्ससच्या न्यायालयांवर सायबर हल्ला झाला आणि बहुतेक काउंट्यांचे कामकाज कित्येक आठवडे कागदावर चालले. त्या काळातल्या केस शोधताना दाखल झाल्याची तारीख पुढे सरकलेली दिसली तर नवल नाही.

आता नावाबद्दल. मराठी माणसाचा घात बहुतेक इथेच होतो. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचे आणि वडिलांचे नाव सलग असते. पोलीस लायसन्स बघून टंकतो, तेव्हा वडिलांचे नाव कधी मधले होते, कधी पहिल्या नावाला चिकटते, कधी गळते. पासपोर्टवर गिव्हन नेमचा रकाना कोरा असेल तर अमेरिकेचा व्हिसा त्या जागी ‘एफएनयू’ छापतो, म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’. तेच लायसन्सवर उतरते आणि तिथून रोजनाम्यात. मग मुलाचे नाव ‘एफएनयू’ होऊन बसते आणि खरे नाव टाकून काहीच निघत नाही. म्हणून शोध आडनावाने सुरू करावा, तोही पूर्ण नव्हे. पहिली तीन-चार अक्षरे आणि पोर्टल घेत असेल तर पुढे चांदणी (*). वाघमारे ‘डब्ल्यू’ने बघावा आणि ‘व्ही’नेही. ज्ञानेश्वर ‘डीएन’, ‘जीएन’ आणि ‘जेएन’ तिन्हींनी. क्षीरसागरमध्ये ‘आय’ एक की ‘ई’ दोन, हे दोन्ही. नंतर आडनाव आणि नाव उलटे करून. जन्मतारीख महिना आधी, दिवस नंतर अशी टाकायची. पाच जुलै आपल्या सवयीने लिहिली तर तिथे ती सात मे होते, आणि तेवढ्यावरच नोंद हुकते. वंशाच्या रकान्यावर तर भरवसाच ठेवू नये. पोलिसी संकेतांत ‘ए’ म्हणजे आशियाई आणि ‘आय’ म्हणजे अमेरिकन इंडियन. पुण्याच्या पोराने ‘इंडियन’ म्हटले आणि शिपायाने ‘आय’ टिपले, असे व्हायला वेळ लागत नाही. त्यावरून आदिवासी जमातीच्या न्यायालयाचे दार ठोठावू नये. कायद्याच्या भाषेत आपण तसे ‘इंडियन’ नाही. जमातीच्या हद्दीत गाडी थांबवली गेली तरी अशी केस राज्याच्याच न्यायालयात उभी राहते.

सगळे बरोबर टाकूनही नोंद निघत नसेल तर कारण बहुधा वेळ. ग्रामीण काउंटीचा सरकारी वकील अनेकदा अर्धवेळ असतो, रक्ताचा नमुना राज्याच्या प्रयोगशाळेत रांगेत पडलेला असतो, आणि अहवाल आल्याशिवाय दोषारोप दाखल होत नाही. अटक मार्चमध्ये, खटला सप्टेंबरमध्ये, हे सर्रास चालते. टेक्सासात अशा गुन्ह्याचा दोषारोप दाखल करायला दोन वर्षांची मुदत आहे. म्हणजे आज पोर्टल कोरे असणे ही सुटका नव्हे. मधल्या काळात अटकेचा मागमूस शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) तुरुंगाच्या यादीत असतो, पण त्या यादीत बहुधा आत असलेलेच दिसतात, सुटला की नाव जाते. शिवाय लहान काउंट्या आपले कैदी करारावर शेजारच्या काउंटीत ठेवतात, तेव्हा यादी तिकडची बघावी लागते. गावच्या साप्ताहिकात शेरीफचा अहवाल छापून येत असेल तर तोही उपयोगी. इंटरनेटवर नसलेले कित्येक जुने अंक तिथल्या ग्रंथालयात सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) असतात.

रोजनामा हाती आला की वरून वाचत खाली यावे. दोषारोप किती हे आधी मोजावे, कारण एका रात्रीतून तीन-चार कलमे निघतात: मद्य, लेन न पाळणे, तपासणीला नकार. प्रत्येकापुढे स्वतंत्र ‘डिस्पोझिशन’ असते, म्हणजे निकाल. ‘डिसमिस्ड’ एका कलमापुढे असेल आणि दुसऱ्यापुढे ‘गिल्टी’, तर केस सुटली असे होत नाही. ‘अमेंडेड’ दिसले तर मूळ कलम बदलून बहुधा ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ केलेले असते. कॅलिफोर्नियात वकील याला ‘वेट रेकलेस’ म्हणतात आणि तेथे पुढच्या खेपेला तो जुना गुन्हा म्हणून मोजला जातो. ‘डिफर्ड’ किंवा ‘डायव्हर्जन’ म्हणजे अटी पाळल्या तर निकाल सौम्य, अजून ठरलेले काही नाही. ‘एफटीए’ म्हणजे तारखेला गैरहजर, आणि त्याच्या पुढच्याच ओळीत बहुतेकदा पकड वॉरंट असते. ते वॉरंट घेऊन मुलगा विमानतळावर गेला तर काय होईल ते वेगळे सांगायला नको.

निकालसुद्धा कायम राहतोच असे नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये श्वासतपासणीची यंत्रे नीट प्रमाणित केली नव्हती म्हणून 20,667 चाचण्या पुराव्यातून बाद धरल्या. अशा केसमध्ये जुना रोजनामा आणि नंतरचा हुकूम दोन्ही लागतात.

मिशिगनने फेब्रुवारी 2022 पासून पहिली ओडब्ल्यूआय पुसून टाकण्याची वाट मोकळी केली. पेनसिल्व्हेनियात ‘एआरडी’ हा पहिलटकरांचा कार्यक्रम पुरा केला की नोंद पुसता येते, तरी परिवहन खाते ती दहा वर्षे ठेवतेच. इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. नोंद पुसण्याचा किंवा मोहोरबंद करण्याचा अर्ज टाकण्याआधी निकालाच्या सही-शिक्क्याच्या दोन-तीन नकला काढून घरात ठेवाव्यात. व्हिसाच्या डीएस-160 अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ असा प्रश्न आहे, आणि माफी मिळाली असली तरी उत्तर ‘हो’च द्यावे लागते. नागरिकत्वाच्या आणि ग्रीन कार्डच्या टप्प्यावरही पुसलेल्या केसचा कागद मागतात. नोंद पुसल्यावर क्लार्क सांगतो, आमच्याकडे काही नाही. मग अधिकाऱ्याला दाखवायचे काय?

गेल्या पाच वर्षांतल्या अशा नुसत्या अटकेवरूनही परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते, शिक्षा व्हावीच लागते असे नाही. अमेरिकेत असताना व्हिसा रद्द झाला म्हणून मुक्काम लगेच बेकायदा होत नाही, पण बाहेर पडल्यावर नवा व्हिसा, त्याआधी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडची तपासणी, आणि त्या वेळी निकालाची नक्कल. 2019 च्या अॅटर्नी जनरलच्या एका निर्णयानुसार ठरावीक कालावधीत अशा दोन शिक्षा असतील तर नागरिकत्वासाठी ‘सद्वर्तन’ नाही असे गृहीत धरले जाते. त्यामुळे एक की दोन, हे कागदावर स्पष्ट दिसायला हवे. एकाच केसचे एमजे आणि सीपी असे दोन क्रमांक अधिकाऱ्याने दोन केस म्हणून मोजू नयेत, यासाठी दोन्ही रोजनामे एकत्र जोडावेत.

नक्कल मागवण्याचे पत्र साधे असावे. पूर्ण नाव आणि शक्य ती सारी स्पेलिंग, जन्मतारीख (महिना अक्षरांत), घटनेची तारीख, माहीत असेल तर सायटेशन आणि खटल्याचा क्रमांक, आणि स्पष्ट मागणी: ‘सर्टिफाइड डिस्पोझिशन’. नुसते ‘रेकॉर्ड’ म्हटले तर क्लार्क रोजनाम्याची साधी छपाई पाठवतो, तिच्यावर शिक्का नसतो. फी आधी फोन करून विचारावी. टेक्सासच्या काउंटी क्लार्ककडे पानाला एक डॉलर आणि प्रमाणपत्राला पाच, तर कॅलिफोर्नियात पानाला 50 सेंट पण प्रमाणित करायला 40 डॉलर, आणि शोधायला दहा मिनिटांहून जास्त लागली तर आणखी 15. कित्येक छोट्या कचेऱ्या कार्ड घेत नाहीत. मनी ऑर्डर आणि स्वतःचा पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट मागतात. भारतातून अमेरिकी तिकीट लावता येत नाही, म्हणून हे काम तिथल्या ओळखीच्या माणसाकडून करून घेणे बरे. फोन करायचा तर अमेरिकेच्या ‘सेंट्रल टाइम’ पट्ट्यातली सकाळी आठची कचेरी आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला उघडते. बारा ते एक जेवणाला बंद असण्याची शक्यता धरावी.

पोलिसाचा अहवाल किंवा कॅमेऱ्याचे चित्रण हवे असेल तर अर्ज क्लार्ककडे नव्हे, ज्या खात्याने अटक केली त्याच्याकडे: गावचे पोलीस, शेरीफ किंवा राज्याचे गस्ती पोलीस. यासाठी प्रत्येक राज्याचा आपला माहितीचा कायदा आहे. केंद्राचा 1966 चा कायदा काउंटीला लागू होत नाही, आणि राज्याचा कायदाही बहुधा न्यायालयांना लागू नसतो, त्यांचे नियम निराळे. लायसन्सचा इतिहास तर तिऱ्हाइताला सहसा मिळत नाही. 1989 मध्ये एका अभिनेत्रीचा पत्ता परिवहन खात्यातून काढून तिचा खून झाला, त्यानंतर 1994 मध्ये संसदेने या दप्तरातली खासगी माहिती देण्यावर बंधने घातली. स्वतःचा इतिहास स्वतः मागवता येतो.

म्हणूनच स्थळ बघताना परस्पर ‘चौकशी’ करणाऱ्यांना सांगणे आहे की पैसे घेणारी संकेतस्थळे ही शिळी, उचललेली माहिती विकतात. त्यात अटक असते, सुटका नसते, आणि नावसाधर्म्याने भलत्याचाच फोटो येतो. मुलाला सरळ विचारावे आणि त्यानेच क्लार्ककडून कागद आणावा. काही नसेल तर क्लार्क ‘नोंद आढळली नाही’ असा शिक्क्याचा दाखला देतो. तो घेताना कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आणि कोणकोणत्या स्पेलिंगने शोधले हे त्यावर लिहून घ्यावे, आणि गाडी टाउनच्या हद्दीत थांबवली असेल तर टाउन कोर्टाच्या क्लार्ककडून वेगळा दाखला मागावा.

आपला,
एक वाचक